चाह सरकारी

जून लागला की मला लातुरात घराबाहेर पडवत नाही. पाऊस येवो न येवो, चौकाचौकात फलक उगवतात. पोरापोरींचे फोटो, फोटोखाली मार्क, आणि क्लासचं नाव फोटोपेक्षा मोठ्या अक्षरांत. यंदा तर एका फलकावर पोरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप लटकवले आहेत. अजून अकरावीचं पुस्तकही न उघडलेली पोरं. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला शिपाई, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: साइड कोणती घेतली? त्यात ‘आर्ट्स’ असं उत्तर आलं की समोरचा असा गप्प होतो, जणू घरात कुणी आजारी असल्याचं कळलं. मला या ऋतूचा राग येतो. गेली चाळीस वर्षं येतो. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी निवले नाही, आणि निवायची माझी इच्छाही नाही.

मागच्या आठवड्यात माझा भाचा विश्वनाथ त्याच्या लेकीला घेऊन आला. ऋतुजा, सतरा वर्षांची, कपाळावर आठ्या. चपला काढता काढताच विश्वनाथ म्हणाला, “आत्या, तू सांग हिला. आमचं कुणाचंच ऐकून नाही राहिली. इतिहास घेऊन बी.ए. करते म्हणते. तुझं काय झालं ते सांग तिला.”

तुझं काय झालं. सिगारेटच्या पाकिटावर घशाचं चित्र असतं ना, तशी मी आमच्या खानदानात आहे. दर जूनमध्ये मला बाहेर काढतात, कुणाच्या तरी लेकराला दाखवतात आणि परत ठेवतात.

तर माझं काय झालं ते सांगते. विश्वनाथाला मी हे सगळं सांगितलेलं नाही, कारण त्यात त्याचे वडील आहेत.

मी एम.ए. झाले, उर्दू घेऊन. मुखेडच्या लिंगायत वाण्याची लेक, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि पिशवीत उर्दूची पुस्तकं. आमचं भांड्यांचं दुकान होतं. अप्पा निजामाच्या काळात शिकलेले. त्यांची शाळा उर्दूतली. बाजाराचा दिवस सोडला तर दुपारी गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा ते रद्दीच्या कागदावर अलिफ, बे काढून मला गिरवायला लावत. त्यांच्या जुन्या मित्रांची पत्रं होती, घाईत लिहिलेली. त्या लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांवरची टिंबं, द्यायचा लोक कंटाळा करत, त्यामुळे एकच आकार चार प्रकारे वाचता यायचा. अप्पा म्हणत, “अक्षर वाचू नको, माणूस काय म्हणून राहिला ते वाच.” मला त्याचा नाद लागला. तो सुटला नाही, इतकंच.

नातेवाईक म्हणत, “वाण्याच्या पोरीला उर्दू कशाला? त्या लोकांची भाषा ती.” मावशी म्हणाली, “हिला नवरा बी मौलवीच बघा मग.” माझा मोठा भाऊ, विश्वनाथाचा बाप बसवराज अण्णा, बी.ई. सिव्हिल झाला तेव्हा अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. मी पहिल्या वर्गात आले तेव्हा त्यांनी एकच पेढा आणला. दुकानाच्या मागच्या खोलीत अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा मला दिला. गल्लीत काय सांगणार होते ते? मी त्यांना दोष देत नाही. पण तो अर्धा पेढा मला अजून घशात जाणवतो.

त्यानंतर दोन वर्षं मी घरी बसले. आणि मग तो उन्हाळा आला.

दुष्काळाचं दुसरं की तिसरं वर्ष होतं. मुखेडच्या बसस्टँडवरचा नळ कोरडा पडून त्यात गांधीलमाशांनी घर केलं होतं. दुकानात पितळी घागरीकडे कुणी बघेना. टँकरच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायला हलकी प्लास्टिकची घागर बरी, म्हणून बायका तीच मागत. पितळेला कळकट रंग चढत गेला. हवेला भाजलेल्या मातीचा वास होता. घाम यायचा आणि अंगावरच वाळून पांढरा व्हायचा. धुणं आठवड्यातून एकदा. विभूती तेवढी रोज लावायला परवडत होती, ती कोरडीच असते.

आणि त्याच काळात लातूर नवा जिल्हा झालेला. पलीकडे नुसती धामधूम. पाट्या बदलत होत्या, भाड्याच्या घरांत कचेऱ्या उघडत होत्या. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून जमिनीची दफ्तरं ट्रकमधून येत होती, लाल फडक्यात बांधलेली, वाळवीनं खाल्लेली. त्यातली निम्मी उर्दूत. ती वाचणारा कचेरीत एकच माणूस होता, गौसचाचा नावाचे जुने कारकून, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते अप्पांच्या शाळेतले. त्यांनी निरोप धाडला, पोरीला पाठवा, रोजंदारीवर घेतो.

मी मुखेडहून अहमदपूरमार्गे एस.टी.नं लातूरला आले आणि मामाकडे राहू लागले. पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघं बसायचो. मी वाचायची, चाचा डोळे मिटून ऐकायचे. बाहेरचे कारकून जाता येता डोकावत. “काय मॅडम, शायरी चालली का?” त्यांच्यातला एक बी.कॉम. होता, एक बी.एस्सी. नापास. नापास झालेलं सायन्ससुद्धा माझ्या पहिल्या वर्गाच्या वर बसायचं.

एके दिवशी व्हरांड्यात उदगीरकडच्या एका गावच्या बायका येऊन बसल्या. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. त्यांच्या पुढं होती केवळाबाई. पन्नाशीची, काटक, बोलताना बोट नाचवणारी. गावाच्या कडेला एक जुनी विहीर होती. शेजारच्या शेताच्या मालकानं तिला काट्याचं कुंपण घातलं, इंजिन बसवलं आणि पाणी उसाला सोडलं. गाव तीन कोसांवरून पाणी आणत होतं. मालक म्हणायचा, विहीर माझी. कचेरी म्हणायची, पुरावा आणा.

“पुरावा काय आनू?” केवळाबाई मला म्हणाली. मी तिथं पाणी प्यायला उभी होते, म्हणून मलाच म्हणाली. “माझ्या सासूनं त्या हीरीचे दगुड वाहिलेत डोक्यावर. मोठा काळ पडला व्हता तवा, निजामाच्या राज्यात. सरकारनं खोदली म्हनायची ती, गावासाटी. आता सासू मेली. तिला कुठून आनू?”

मी आत आले आणि त्या गावचं दफ्तर शोधलं. आधी मराठी नक्कल सापडली. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द: ‘चाह सरकारी’. कुण्या नक्कलकारानं उर्दूवरून अक्षरशः उतरवून ठेवलेले. मी ते मोठ्यानं वाचले आणि सगळी कचेरी हसली. “सरकारी चहा! अरे, मागवा मागवा, सरकारी चहा आलाय!” बी.कॉम.वाल्यानं टेबल बडवलं. हे दोन शब्द तीस वर्षं सगळ्यांच्या नाकासमोर होते, आणि तीस वर्षं लोक त्यावर हसत आले असणार.

मी हसले नाही, कारण मला तो शब्द ठाऊक होता. एम.ए.ला फारसीचा एक पेपर असायचा. जुन्या प्रेमाच्या कवितेत प्रेयसीच्या हनुवटीवर खळी असते, आणि त्या खळीला कवी म्हणतात चाह. म्हणजे विहीर. प्रियकर बिचारा तीत पडतो आणि वर येत नाही. वर्गात सर हे शिकवत होते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं आपापल्या हनुवट्या चाचपत होती.

मूळ कागद शोधायला चार दिवस लागले. कडा खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली, नुक्त्यांचा पत्ता नाही. अप्पांच्या मित्रांच्या पत्रांसारखंच अक्षर. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, आणि मग ओळ: चाह सरकारी, बराए आबनोशी-ए-आम. सरकारी विहीर, सर्वांच्या पिण्याच्या पाण्यासाठी. मी वाचलं तसं चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. “कुआँ! या अल्ला, कुआँ बोल रहा है उने! मैं चौथी पास आदमी, मेरेकू फारसी कां आती बेटा. मैं बी चाय समझा.”

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट मलाही गोड वाटली असती. फलकवाल्यांना उत्तर मिळालं असतं: बघा, उर्दूचाही उपयोग होतो. पण मला त्या ‘उपयोग’ शब्दाचीच चीड आहे. तो कागद वाळवीनं खाल्ला असता तर? मी चार दिवसांऐवजी चाळीस दिवस शोधूनही काही निघालं नसतं तर? मग मी शिकले ते फुकट? इंजिनिअरला कुणी विचारत नाही की तू शिकलेल्यापैकी किती वापरलंस. त्याचा एकदा पेढा वाटला की वाटला. आम्हाला मात्र जन्मभर पाणी काढून दाखवावं लागतं.

आणि दुसरीही चीड आहे, ती आमच्याच लोकांवर. माझ्याबरोबर एम.ए. झालेल्यांपैकी निम्म्यांना ते पान वाचता आलं नसतं. गाइडमधली उत्तरं पाठ करून ते पास झाले होते. वर्गात नोट्स सांगायच्या, त्या लिहून घ्यायच्या, परीक्षेत उतरवायच्या. अशा पदवीला कुणी कवडीमोल म्हणालं तर मी भांडणार नाही. काही पदव्या खरंच हलक्या असतात. पण त्या कुठल्या, हे विषयाच्या नावावरून ठरवणाऱ्यांशी मी भांडते, कारण तसल्याच नोट्सवर पास झालेले इंजिनिअर मी पाहिले आहेत. त्यांनी बांधलेल्या पुलांवरून एस.टी.नं गेले आहे, जीव मुठीत धरून.

ऋतुजाला मी यातलं थोडंच सांगितलं. म्हटलं, “नोकरी बहुतेक मिळणार नाही. लोक हसतील. हे तुझा बाप खरंच सांगतो.” विश्वनाथाचा चेहरा उजळला. मग म्हटलं, “पण शिकायचं तर असं शीक की कागद समोर आला तर तुला तो वाचता आला पाहिजे. तसं शिकायचं नसेल तर डॉक्टर हो. तिथं चालून जातं.” विश्वनाथ चहा अर्धा ठेवून उठला. ऋतुजानं जाताना वळून पाहिलं, हसली नाही. मला ती आवडली.

आता अण्णाचं सांगते.

अण्णा तेव्हा टंचाईच्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर होता. गावोगावच्या विहिरी मोजायच्या, कुठली सरकारी, कुठली खाजगी, पाणी किती, याचा अहवाल द्यायचा. केवळाबाईच्या गावचा अहवाल त्याचा होता. ‘विहीर खाजगी. पाणी अपुरे.’ खाली त्याची सही. मूळ कागद वाचला त्याच दिवशी ती मी गावच्या तक्रारीच्या फाइलीत पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जीप घेऊन मामाकडे आला. कुणीतरी त्याला कळवलं होतं. मामी स्वयंपाकघरात होती. तो खुर्चीवर न बसता खिडकीत उभा राहिला.

“तू ते वाचलंस म्हणे.”

“हाव.”

“लिहून दिलंस?”

“अजून न्हाई. उद्या देणार हाय.”

“देऊ नको.”

मी विचारलं, “तू खाजगी कशावरून लिहिलंस, अण्णा?”

“तलाठ्यानं सांगितलं. मालकानं बी सांगितलं. तिथं दुसरं कोण व्हतं?”

“अख्खं गाव व्हतं की. केवळाबाई व्हती. जेवलास कुणाकडं त्या दिवशी?”

तो खिडकीबाहेर जीपकडे बघू लागला. मालकाकडे जेवला होता, हे मला तिथंच कळलं. मग तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सुमे, उर्दू कुणाला येतं कचेरीत? चाचाला दिसत न्हाई. तू न्हाई म्हणलीस, तर ते न्हाईच. कुणाला कळणार हाय?”

लहानपणापासून माझ्या उर्दूला हसणारा माझा भाऊ. त्या दिवशी, त्या एका वाक्यात, त्यानं माझ्या पदवीची खरी किंमत सांगितली. अख्ख्या कचेरीत ते पान वाचणारी मी एकटी होते, म्हणून ते पान असणं नसणं माझ्या हातात होतं. त्याला माझ्या शिक्षणाचा उपयोग पहिल्यांदा कळला, तो खोटं बोलण्यासाठी.

“माझी नोकरी जाईल,” तो म्हणाला.

“नोकरी जाणार न्हाई. बोलणी बसतील.”

“तुला काय ठाऊक नोकरी कशी असते?”

हे मात्र लागलं. मी उठून आत गेले आणि तो जाईपर्यंत बाहेर आले नाही. त्या दुपारी मी किती रडले ते सांगण्यात अर्थ नाही. अण्णानं मला सायकल शिकवली होती. माझ्या एम.ए.ची फी एका वर्षी त्यानंच भरली होती, हसत हसत का होईना. हे सगळं त्या खोलीत माझ्यासोबत बसून होतं. आणि केवळाबाईची मेलेली सासूही बसून होती, डोक्यावर दगड घेऊन.

सकाळी मी भाषांतर लिहिलं. खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं: एम.ए. (उर्दू).

सुनावणी झाली. मालकाचा वकील उठला आणि मला म्हणाला, “बाई, चाह म्हणजे विहीर, हे आपण कुठं शिकलात?”

“कवितेत,” मी म्हणाले.

खोली हसली. मी हनुवटीच्या खळीचं सांगितलं, तसे आणखी हसले. मी लाल झाले असेन. पण गप्प बसले नाही. म्हटलं, “शब्दकोश आणा. मी खोटी निघाले तर मला आजच काढून टाका.” सुनावणी घेणारे साहेब तेवढे हसले नव्हते. त्यांनी एका उर्दू शाळेतून शब्दकोश मागवला. गौसचाचांनी तो दोन्ही हातांनी धरून आणला. शब्द सापडला. पहिला अर्थ विहीर.

आठवड्यानं कुंपण निघालं, इंजिन निघालं. केवळाबाई आली नाही. तिला कामावर जायचं होतं, आभार मानायला सवड कुणाला होती? मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं तर तिला सगळं आधीपासून माहीत होतं, कुठलीही पदवी नसताना. माझ्या पदवीनं एवढंच केलं, की तिचं खरं कचेरीला ऐकून घ्यावं लागलं. एका बाईचं खरं दुसऱ्या बाईच्या सहीशिवाय चालत नाही, या व्यवस्थेवर माझा राग आहे. माझ्या पदवीवर नाही.

पुढच्या महिन्याअखेर माझं काम संपलं असं सांगण्यात आलं. दफ्तरं अजून निम्मी बांधलेलीच होती. मी पुढं एका खाजगी शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाले. उर्दूची नोकरी मला कधी मिळाली नाही. लग्न झालं, बरं झालं. अण्णाला लेखी ताकीद मिळाली. नोकरी गेली नाही, पण बढती मागं पडली. अप्पांनी दोघांनाही काही विचारलं नाही. फक्त त्या दिवाळीत त्यांनी अण्णाला आणि मला वेगवेगळ्या दिवशी जेवायला बोलावलं.

विहिरीचं पुढं असं झालं की वीस दिवसांत ती आटली. पाणी अपुरे, हे अण्णाचं मोजमाप बरोबर होतं. मालक कोण ते त्यानं विचारलं नाही, पण दोर आणि टेप त्यानं खरे वापरले होते. विहीर सरकारी ठरल्यामुळे आता ती सरकारी कामातून आणखी खोल करता येणार होती. खाजगी राहिली असती तर ते शक्य नव्हतं. आणि त्या कामावर धाडलं कुणाला, तर अण्णालाच.

लातूर सोडायच्या आदल्या दिवशी मी एस.टी.नं त्या गावी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. विहिरीच्या काठावर बायका रिकाम्या घागरी मांडून बसल्या होत्या, बसूनच नंबर धरलेला. मी काठाशी गेले तशी एक तरणी बाई खेकसली, “ए बाई, कुठली तू? मागं हो. पाणी लागलं की आधी गाव भरंल.”

“मी पाणी न्यायला नाही आले.”

“मग काय तमाशा बगायला आलीस?”

मी वाकून पाहिलं. खाली, फार खाली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून अण्णा चिखलात उभा होता. हातात टेप, पाठ घामानं काळी. दोन मजूर पहारीनं खडक फोडत होते. त्यानं टेप खडकाला लावला, वाकून वाचला, कागदावर लिहिलं. पुन्हा लावला, पुन्हा वाचला. इतकं नीट काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मग त्यानं वर पाहिलं. उन्हामुळे त्यानं डोळ्यांवर हात धरला. मी दिसले असेन, किंवा नुसती सावली दिसली असेल.

“काठावरच्यांनी बाजूला सरा,” तो ओरडला. “माती पडून राहिली खाली.”

पुढची चार वर्षं तो माझ्याशी बोलला नाही, आणि हे वाक्यही माझ्यासाठी नव्हतंच. पण मी बाजूला सरले. बायकांच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि खडकावर पडणारी पहार ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं तिचा आवाज बदलला. कोरडा होता तो ओला झाला. माझ्या पुढच्या बाया एकदम उठल्या, आणि सगळ्या घागरी एकदम वाजल्या.